टोन शोधायचा तर उलट्या टोकापासून

गिटारचा नवा मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे जुन्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र, कुणाच्या घरी आला की साधारण तिसऱ्या दिवशी माझा फोन वाजतो. पहिला दिवस कौतुकात गेलेला असतो, दुसरा कंपनीने आधीच भरून दिलेले आवाज, म्हणजे प्रीसेट, फिरवण्यात. तिसऱ्या दिवशी सूर बदलतो. "दादा, दुकानात असा वाजत नव्हता हो हा. घरी नुसत्या माश्या घोंगावतायत." गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीतल्या, नुकतीच बारावी संपवलेल्या एका मुलाचा असा फोन आला. वरच्या मजल्यावर जाऊन पाहिलं तर गेन (आवाज किती करकरीत करायचा ते बटण) दहावर, बास दहावर, ट्रेबल दहावर, मिड शून्यावर आणि त्यावर भरपूर रिव्हर्ब (घुमारा). ॲम्प जमिनीवर, पलंग आणि कपाटाच्या बेचक्यात. एकूण आवाजाचं बटण, म्हणजे मास्टर, जेमतेम एकावर, कारण खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे.

त्याने प्रत्येक बटण कानाला बरं वाटेल तिथेच ठेवलं होतं, त्यामुळे बटणांना दोष देण्यात अर्थ नव्हता. घोळ क्रमाचा होता. आपण सगळेच गिटारच्या बाजूने सुरुवात करतो. आधी गेन, मग इफेक्ट, मग बास-ट्रेबल आणि सगळ्यात शेवटी आवाज किती ठेवायचा ते. मी हा क्रम उलटा करायला सांगतो. आधी स्पीकर आणि खोली, मग आवाजाची पातळी, मग कुठल्या ॲम्पची नक्कल वापरायची ते, मग गेन आणि इफेक्ट अगदी शेवटी. कारण साखळीतली शेवटची कडी बदलली की आधीचे सगळे निर्णय पुन्हा घ्यावे लागतात. पहिली कडी बदलली तर तसं होत नाही.

नक्कल कशाची?

जुना ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या तीन गोष्टी. गिटारच्या पिकअपमधून (तारांखालच्या चुंबकी भागातून) येणारा क्षीण सिग्नल प्रीॲम्प वाढवतो, तिथे बहुतेक वेळा १२एएक्स७ नावाची छोटी ट्यूब असते. पुढे पॉवर ॲम्प, त्यात ईएल३४, ६एल६ किंवा ईएल८४ अशा मोठ्या ट्यूब. शेवटी स्पीकर. यातली प्रत्येक पायरी सिग्नल थोडाफार बिघडवते, आणि त्या बिघाडालाच आपण टोन म्हणतो. किती बारीकसारीक गोष्टींनी फरक पडतो याचं जुनं उदाहरण म्हणजे मार्शल. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२च्या सुमारास पहिला जेटीएम४५ तयार झाला, तो जवळजवळ फेंडरच्या बासमन ॲम्पच्या सर्किटवरच बेतलेला होता. भाग इंग्लंडमध्ये मिळणारे, स्पीकर निराळे, कॅबिनेट बंद पाठीचं. तेवढ्यावर आवाजाचं अख्खं घराणं बदललं.

मॉडेलिंग ॲम्पमध्ये हे सगळं गणिताने होतं. रोलँडचा व्हीजी-८ १९९५ मध्ये आला, लाइन ६ कंपनीचा ॲक्सिस २१२ हा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) १९९६ मध्ये आणि त्यांचाच लाल घेवड्याच्या दाण्यासारखा दिसणारा पॉड १९९८ मध्ये. तेव्हापासून दोन वाटा चालू आहेत. एकीत मूळ सर्किटचा एकेक भाग गणितात उतरवतात. दुसरीत खऱ्या ॲम्पमध्ये चाचणीचे आवाज सोडून तो त्यांचं काय करतो ते टिपून घेतात. केम्पर कंपनीने ही दुसरी वाट गाजवली, आणि आता न्यूरल नेटवर्कने तेच काम होतं. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर फुकट आणि मुक्तस्रोत आहे. जुन्या स्वस्त यंत्रांचा आवाज कानाला टोचायचा, त्याचं एक कारण अगदी हिशेबी आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारं यंत्र २४,००० हर्ट्झच्या वरचं काही मांडूच शकत नाही. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे सिग्नलच्या त्या बिघाडामुळे, १०,००० हर्ट्झच्या स्वराचा तिप्पट उपस्वर, म्हणजे ३०,०००, तयार झाला तर तो आरशात आपटल्यासारखा परत फिरतो आणि १८,००० वर उगवतो. मूळ स्वराशी त्याचं काहीच नातं नसतं. आजची यंत्रं आतल्या आत नमुन्यांचा वेग वाढवून हे बरंचसं टाळतात, म्हणून "डिजिटल म्हणजे कोरडं" हे आता ऐकीव मत म्हणून सोडून द्यायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. हेडफोनमधून किंवा रेकॉर्डिंगच्या आउटमधून मॉडेलर जी नक्कल ऐकवतो, ती 'ॲम्पसमोर उभं राहून ऐकलेल्या' आवाजाची नसते. ती स्पीकरला चिकटवलेल्या माइकने टिपलेल्या आवाजाची असते, म्हणजे अल्बममधल्या आवाजाची. खोलीत ॲम्प लावल्यावर पोटात जो धक्का बसतो तो इथे शोधून सापडणार नाही. नाही सापडला म्हणून बास वाढवत नेला की चिखल होतो.

स्पीकर, आणि माझी गोधडी

गिटारचा १२ इंची स्पीकर हा घरच्या म्युझिक सिस्टिमच्या मानाने फारच मर्यादित प्राणी आहे. साधारण ५,००० हर्ट्झच्या वर तो झपाट्याने मिटतो. खालच्या टोकाला गिटारची सहावी तार मोकळी वाजली की ८२ हर्ट्झ, त्याखाली त्याला फारसं कामच नसतं. ही मर्यादा म्हणजे उणीव वाटेल, पण डिस्टॉर्शनला खाण्यालायक तीच करते. डिस्टॉर्शन पेडल थेट ब्लूटूथ स्पीकरला किंवा मिक्सरला जोडून पाहा. ज्या माश्यांची तक्रार घेऊन मुलं येतात, त्या सगळ्या ५,००० च्या वर राहतात.

म्हणून मॉडेलरमध्ये स्पीकरचीही नक्कल असते. तिला कॅब म्हणतात, आणि ती बहुधा आयआर नावाच्या छोट्या ध्वनिफितीतून येते. कल्पना सोपी आहे. रिकाम्या फ्लॅटमध्ये एक टाळी वाजवा. त्या एका टाळीच्या पडसादात त्या खोलीचं सगळं चरित्र असतं. तशीच एक विजेची 'टाळी' कॅबिनेटमध्ये सोडून माइकने काय ऐकलं ते नोंदवतात. सेकंदाच्या काही शतांशांची ती नोंद, पण तिच्यात स्पीकर, लाकडी खोकं, माइक आणि माइकची जागा हे सगळं आलं. मग तुमचा प्रत्येक स्वर त्या नोंदीतून गाळला जातो.

याचे दोन नियम आहेत आणि बहुतेकांचा निम्मा त्रास या दोन नियमांपाशीच संपतो. हेडफोन, ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडायचा डबा), पीए (कार्यक्रमातले लाउडस्पीकर) किंवा सपाट आवाजाचा मोठा स्पीकर असेल तर कॅब चालू हवी. सिग्नल खऱ्या गिटार ॲम्पच्या स्पीकरमध्ये जात असेल तर कॅब बंद हवी, कारण खरा स्पीकर तिथे बसलेलाच आहे. मी स्वतः हे उलटं करून बसलो होतो. पायाशी ठेवायचा मॉडेलर घेतला, तो कॅबसकट जुन्या कॉम्बोच्या पुढच्या इनपुटला जोडला आणि चार-पाच महिने गोधडीखालून आल्यासारख्या आवाजावर वाजवलं. ट्रेबल वाढवत राहिलो, तारा बदलल्या, पिकअप बदलायचं ठरवलं. एके दिवशी चुकून कॅबचा ब्लॉक बंद झाला आणि गोधडी उडाली. शिवाय पुढच्या इनपुटला जोडल्याने एका प्रीॲम्पवर दुसरा प्रीॲम्प चढत होता ते वेगळंच. कॉम्बोच्या मागे 'रिटर्न' नावाचं भोक असेल तर तिथे जोडा, पुढचा प्रीॲम्प टळतो.

तुमचा ॲम्प स्वतःच मॉडेलिंगचा कॉम्बो असेल, म्हणजे स्पीकर त्याच्याच पोटात, तर ही भानगड कंपनीने आधीच निस्तरलेली असते. पण हेडफोनमध्ये आणि स्पीकरमध्ये आवाज वेगळा का येतो, हे कोडं इथेच सुटतं. एकीकडे नकली स्पीकर, दुसरीकडे खरा. दोन्हीला एकच पॅच (बटणांची जपून ठेवलेली मांडणी) शोभेल अशी अपेक्षा ठेवू नका, दोन वेगळे जपून ठेवा.

आयआर निवडता येत असतील तर पाचशे फायली उतरवू नका. मी ते केलं आहे, आठवडाभर गिटार हातात न घेता नुसता माउस हलवला. एखादा ग्रीनबॅक आणि एखादा व्हिंटेज ३०, हे सेलेस्टियनचे दोन स्पीकर बहुतेक रॉकला पुरतात. माइक म्हणजे जवळजवळ नेहमी शुअरचा एसएम५७, १९६५ पासूनचा तो साधा काळा माइक. माइकची जागा मात्र पाहा. स्पीकरच्या मध्यावर तो धारदार ऐकतो, कडेकडे सरकला की मऊ. आवाज टोचत असेल तर ट्रेबल कमी करण्याआधी माइक बोटभर बाजूला सरकवलेला आयआर घेऊन बघा. शेवटी दोन कात्र्या: ८०-१०० हर्ट्झच्या खालचं आणि ७,०००-८,००० च्या वरचं छाटून टाका. वाजवताना काही गेल्यासारखं वाटणार नाही.

आता खोली. स्पीकरमधला तिखटपणा टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो, बास मात्र चहूबाजूंना पसरतो. ॲम्प जमिनीवर असला की झोत तुमच्या पोटऱ्यांना आणि कान मात्र बासच्या ढगात. तुम्ही ट्रेबल चढवता, आणि पलीकडे सतरंजीवर बसलेला मित्र कानात बोटं घालतो. त्यात जमीन आणि दोन भिंती मिळून कोपरा झाला की बास आणखी फुगतो. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाला मी पहिली गोष्ट करायला लावली ती हीच. ॲम्प कोपऱ्यातून काढून स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, पाठीमागे किंचित कलता, झोत थेट कानाकडे. एकही बटण न फिरवता अर्ध्याअधिक तक्रारी मिटल्या. उरल्यासुरल्या त्याच्या ट्रेबलने वाढवल्या, कारण आता त्याला स्वतःचा ट्रेबल पहिल्यांदा ऐकू आला.

रात्री अकराचा कान

१९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आपला कान सगळ्या उंचीचे स्वर सारख्या न्यायाने ऐकत नाही, आणि आवाज हळू असताना हा अन्याय वाढतो. हळू आवाजात बास जवळजवळ बेपत्ता होतो, अगदी वरचं टोकही फिकं पडतं, मधला भाग तेवढा उरतो. रात्री अकरा वाजता, शेजाऱ्यांच्या भीतीने मास्टर एकावर ठेवून जो माणूस टोन लावतो, तो नकळत कानाची ही खोट भरून काढत असतो. बास वर, ट्रेबल वर, मिड खाली. खोलीत ते भरदार वाटतं. तोच पॅच रविवारी जॅमरूममध्ये जोरात लावला की कान सुधारतो, खोट उरत नाही, आणि भरून काढलेलं सगळं अंगावर येतं. वर ड्रमरच्या झांजांनी ट्रेबल खाल्ला, बास गिटारने बास खाल्ला, आणि गिटारला राहायला जी मधली जागा होती ती तुम्ही स्वतःच रिकामी करून आला आहात. "मी वाजवत होतो पण ऐकूच येत नव्हतो" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता फोनवरच विचारतो, मिड किती आहे?

मिड एकटा ऐकायला कुरूप असतो. नाकात बोलल्यासारखा. ५०० ते २,००० हर्ट्झचा हा पट्टा खोलीत एकट्याने वाजवताना कुणालाच आवडत नाही, आणि बँडमध्ये गिटार ओळखू येते ती त्याच्यामुळेच. म्हणून एकट्याने टोन लावत बसू नका. मोबाइलवर नुसत्या ड्रम आणि बासचा ट्रॅक लावा, त्याच्यासोबत वाजवत बटणं फिरवा. शक्य असेल तर रविवारी दुपारी शेजारी जेवत असताना पंधरा मिनिटं खऱ्या पातळीवर पॅच लावून घ्या, आणि रात्रीसाठी त्याचीच दुसरी प्रत ठेवा.

वॅटबद्दल एक गैरसमज जाता जाता. बॉसच्या कटाना ५० वर पॉवरचा एक खटका असतो, ५०, २५ आणि ०.५ वॅट. अर्धा वॅट म्हणजे शंभरपट कमी, तर आवाजही शंभरपट कमी होईल असं वाटतं. शंभरपट कमी पॉवर म्हणजे २० डेसिबल कमी, आणि कानाला ते साधारण एक चतुर्थांश भासतं. म्हणून अर्धा वॅटही फ्लॅटमध्ये बऱ्यापैकी भांडण लावू शकतो. या खटक्याचा खरा उपयोग असा, की मास्टर अगदी शून्याला चिकटवून न ठेवता थोडा मोकळा ठेवता येतो. एकाच्या खाली बटण केसभर हललं तरी आवाज उडी मारतो, तो छळ वाचतो.

बारा वाजता ठेवलं म्हणजे सपाट?

नाही. घरच्या म्युझिक सिस्टिमवर बास-ट्रेबल मध्यावर म्हणजे सपाट. गिटार ॲम्पमध्ये तसं नसतं. फेंडरसारख्या ॲम्पमधली टोनची बटणं काही वाढवत नाहीत, फक्त कमी करतात, आणि एकमेकांत गुंतलेली असतात. तिन्ही मध्यावर ठेवली तर मधला भाग चांगलाच खचतो, फेंडरचा तो स्वच्छ काचेसारखा आवाज त्यातूनच येतो. सर्वांत सपाट आवाज हवा असेल तर बास शून्य, ट्रेबल शून्य आणि मिड दहा. एकदा करून पाहा, मजा वाटेल. चांगलं मॉडेल ही गुंतागुंतही जशीच्या तशी उचलतं, तेव्हा पडद्यावरचे आकडे पाहून 'हे विचित्र दिसतं' म्हणून बटण मागे घेऊ नका.

प्रत्येक मूळ ॲम्पची अशी एखादी खोड असते, आणि ती माहीत असली की तासांचं काम मिनिटात होतं. व्हॉक्स एसी३० वर 'कट' नावाचं बटण आहे. ते वाढवलं की ट्रेबल कमी होतो. मी बराच काळ ते उलटंच फिरवत होतो. मार्शलच्या जुन्या प्लेक्सी ॲम्पला मास्टर व्हॉल्यूमच नव्हता. तो ॲम्प जोरात लावला की पॉवर ट्यूब दमायला लागत, आणि त्या दमण्यातून तो प्रसिद्ध आवाज यायचा. मॉडेलमध्ये कंपनीने सोयीसाठी मास्टर दिलेला असतो, आपण घरगुती सवयीने तो दोनवर ठेवतो आणि म्हणतो, काय हा प्लेक्सी, किरकिरा वाजतोय. या मॉडेलमध्ये मास्टर वर चढवा, गेन मध्यावर ठेवा आणि खोलीतला आवाज साखळीच्या शेवटच्या व्हॉल्यूमने कमी करा. याउलट नव्वदीतल्या मेसा रेक्टिफायरसारख्या जोरकस गेनच्या ॲम्पमध्ये चव मुख्यतः प्रीॲम्पमध्ये शिजते, तिथे मास्टर जास्त चढवला तर चिखल. मॉडेल निवडलं की मूळ ॲम्पचं मॅन्युअल शोधून वाचा. नक्कल कुणाची चालली आहे हे कळल्याशिवाय नक्कल चांगली आहे का ते कसं कळणार?

स्वस्त ॲम्पवर मात्र सगळ्या मॉडेलना एकच सर्वसाधारण बास-मिड-ट्रेबल जोडलेलं असू शकतं. तिथे डोळे मिटून कानानेच ठरवा.

गेन म्हणजे जवारी

मिरजेतले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीचा माथा अशा बेताने घासतात की तार तिला जेमतेम स्पर्श करत थरथरते. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत ती जागा सापडते जिथे एका स्वरातून सगळे उपस्वर उमलतात. दोरा थोडा इकडे झाला तर तार मुकी, तिकडे झाला तर नुसती चरचर. डिस्टॉर्शनही हेच करतं. ट्यूबला झेपणार नाही एवढा सिग्नल दिला की लाटेचे माथे चपटे होतात आणि त्या चपटेपणातून मूळ स्वराचे दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वर जन्मतात. गेनचं बटण म्हणजे तो दोरा.

पण तंबोऱ्याची एक तार एकच स्वर देते. गिटारवर एकाच वेळी अनेक तारा वाजतात आणि डिस्टॉर्शन त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकवतं. सा आणि प घ्या. सा ११० हर्ट्झचा असेल तर प १६५ चा. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. यंत्राने स्वतःहून तुम्हाला खर्ज दिला. सा-प ची ही जोडी, म्हणजे पॉवर कॉर्ड, इतकी भरीव का वाजते, याचं सगळं गुपित या वजाबाकीत आहे. आता सा आणि ग घ्या. गिटारच्या पडद्यांवरचा ग सुमारे १३८.६ हर्ट्झचा. वजाबाकी २८.६, बेरीज २४८.६. एक कुठल्याच सुरात नाही, दुसरी किंचित चढलेल्या रिषभाजवळ जाते. म्हणून गेन दहावर ठेवून पूर्ण मेजर कॉर्ड वाजवला की स्वर एकमेकांशी भांडतात. जितका गेन जास्त, तितके कमी स्वर एका वेळी. हे एकदा कळलं की 'माझा ॲम्प चिखल करतो' यातला ॲम्प निर्दोष सुटतो.

शिवाय रेकॉर्डवर आपण जे ऐकतो त्यात गेन आपल्या समजुतीपेक्षा बराच कमी असतो. एसी/डीसीच्या माल्कम यंगचा रिदम ऐका. तो आवाज मोठा वाटतो, पण त्यात चरचर फार नाही, कॉर्डमधला प्रत्येक स्वर मोजता येतो. भिंतीसारखं जाडपण बऱ्याचदा एकच भाग दोन-चार वेळा वाजवून, डावी-उजवीकडे मांडून आलेलं असतं. एकट्या गिटारने ते गेनमधून काढायला गेलं की माश्या. माझी रीत अशी: हवा तेवढा गेन लावायचा, मग त्यातला पाव भाग काढायचा, आणि दहा मिनिटं तसंच वाजवायचं. पहिली दोन मिनिटं हात उघडा पडल्यासारखा वाटतो. आघात नीट नसेल तर लगेच ऐकू येतं, आणि मला वाटतं लोक गेन वाढवतात ते निम्म्या वेळा हे झाकायलाच.

मेटल वाजवणाऱ्यांचं समाधान एवढ्याने होणार नाही. त्यांच्यासाठी जुनी युक्ती आहे. जोरकस गेनच्या ॲम्पआधी ट्यूब स्क्रीमर लावायचा, त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर. हे हिरवं पेडल बास छाटतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपास उंचवटा देतं. ॲम्पमध्ये शिरण्याआधीच ढिला बास गेला की पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेले ठोके) दगडासारखे पडतात. ॲम्पनंतर बास कमी करून हे होत नाही, कारण तोवर चिखल झालेला असतो.

गिटारची बाजू

आत्ता कुठे आपण गिटारपर्यंत आलो. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण बरेच जण आयुष्यभर दहावरून हलवत नाहीत. चांगल्या मॉडेलवर ते सहावर आणलं की डिस्टॉर्शन साफ होत जातं, जसं ट्यूब ॲम्पवर होतं. वेगळा क्लीन पॅच बरेचदा लागतच नाही. कोकणात राहत असाल किंवा पावसाळा असेल तर तारा लवकर गंजतात. गंजल्या तारांवर ट्रेबल वाढवून नवा आवाज येत नाही, फक्त बोटांची घसघस मोठी होते.

गुणगुणाटाचं मूळ बऱ्याचदा भिंतीवर असतं. सिंगल कॉइल पिकअप, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या खुणेवर, आणि ॲम्पला दोष. पंखा पूर्ण बंद करा किंवा पूर्ण वेगावर ठेवा, रेग्युलेटरची किरकिर बहुधा जाते. वीज गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर तिथेही हीच कथा. अर्थिंग नसलेला बोर्ड ही तिसरी शक्यता, आणि तिथे प्रश्न आवाजाचा राहत नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे सगळं झाल्यावर नॉइज गेट (वाजवत नसताना गुणगुणाट अडवणारा इफेक्ट), तोही जेमतेम. गेट जास्त घट्ट लावला की लांबवलेला स्वर मध्येच गळा दाबल्यासारखा तुटतो.

इफेक्टवर मी फार वेळ घालवणार नाही. डिले (उशिराने येणारा पडसाद) आणि रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या नंतर. डिलेचा वेळ गाण्याच्या लयीतून काढा: ६०,००० भागिले लयीचा आकडा. मिनिटाला १०० मात्रा असतील तर एक मात्रा ६०० मिलिसेकंद, पाऊण मात्रेचा डिले ४५०. रिव्हर्ब ऐकू येईपर्यंत वाढवा आणि मग थोडा मागे घ्या. खोलीला स्वतःचा रिव्हर्ब असतोच.

कंपनीचे प्रीसेट दुकानात अर्ध्या मिनिटात गिऱ्हाईक पटवायला केलेले असतात, म्हणून ते इफेक्टने ओथंबलेले असतात. त्यांची चीड करू नका, पण सुरुवात तिथून करू नका. एक ॲम्प, एक कॅब, बाकी सगळं बंद, एवढाच रिकामा पॅच घ्या. आणि दोन पॅचची तुलना करताना त्यांचा आवाज आधी सारखा करून घ्या. कान फसवा असतो. किंचित मोठा असेल तोच पॅच त्याला 'चांगला' वाटतो, मग तो कितीही वाईट असो. या एका फसगतीत मी संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या आहेत.

वरच्या मुलाचा पॅच शेवटी असा झाला: गेन चार, बास चार, मिड सहा-सात, ट्रेबल पाच, रिव्हर्ब नावापुरता. रात्रीची वेगळी प्रत, तिच्यात बास थोडा जास्त. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, आवाज मस्त येतोय दादा, पण आईने स्वयंपाकघरातली खुर्ची परत मागितली आहे.